हिमकन्येचे बाबा

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मामाचं गाव, आंब्याची अढी, दुपारी पत्त्यांचा डाव आणि सुट्टी संपत आली की पोटात येणारा गोळा. आता अशी कल्पना करा, की जेमतेम चार वर्षांची एक मुलगी आहे आणि तिची उन्हाळी सुट्टी म्हणजे ग्रीनलंडचा वायव्य किनारा. बोटीच्या आजूबाजूला हिमनग, रात्रीसुद्धा उजेड, किनाऱ्यावर कातड्यांचे तंबू. आई सोबत आहे. आणि बाबा? बाबा हायड्रॉलिक जॅक लावून सुमारे ३१ टनांचा लोखंडी धोंडा जहाजावर चढवण्यात गुंतले आहेत!

मित्रांनो, ही कल्पना नव्हे. साल १८९७. मुलीचं नाव मेरी. आणि तिचे बाबा म्हणजे रॉबर्ट एडविन पिअरी. जनरल नॉलेजच्या पुस्तकात 'उत्तर ध्रुवावर प्रथम कोण पोहोचले?' या प्रश्नासमोर ज्याचं नाव आपण घोकलं, तोच हा. मला त्याच्याबद्दल कुतूहल वाटलं त्याचं कारण मात्र ध्रुव नव्हे. कारण अगदी घरगुती आहे. हा बाबा आपल्या ब्रँचचा, म्हणजे चक्क सिव्हिल इंजिनिअर होता!

पिअरीचा जन्म ६ मे १८५६ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. वडील तो अगदी लहान असतानाच गेले. आई त्याला घेऊन मेन राज्यात परतली आणि एकटीने त्याला वाढवलं. बोडन कॉलेजमधून १८७७ साली तो सिव्हिल इंजिनिअरिंग शिकून बाहेर पडला. मग सर्वेक्षण खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी. म्हणजे टी-स्क्वेअर, शाई आणि दिवसभर टेबलावर वाकलेली मान. १८८१ मध्ये तो अमेरिकन नौदलाच्या सिव्हिल इंजिनिअर शाखेत रुजू झाला. निकाराग्वातून कालवा काढायचा बेत तेव्हा चालू होता, त्याच्या सर्व्हेसाठी त्याला तिकडच्या जंगलात पाठवलं गेलं. डास, चिखल आणि थिओडोलाइट. पण गड्याचं मन उत्तरेला लागलं होतं. १८८६ साली रजा काढून तो ग्रीनलंडला गेला आणि बर्फावरून सुमारे १६० किलोमीटर आत जाऊन आला. तिथून त्याला जे वेड लागलं ते कायमचं.

१८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका टोप्यांच्या दुकानात त्याला मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय तरुण भेटला. हेन्सन त्याचा नोकर म्हणून निकाराग्वाला गेला आणि पुढे वीसेक वर्षं प्रत्येक मोठ्या मोहिमेत त्याच्याबरोबर राहिला. स्लेज बांधणं, कुत्री हाकणं, इन्युइट लोकांची भाषा बोलणं यात हेन्सनचा हात धरणारा कुणी नव्हता. १८८८ मध्ये पिअरीचं जोसेफिन डीबिच हिच्याशी लग्न झालं. नवरा रजा काढून बर्फात जाणार आणि बायको घरी वाट बघणार, हे जोसेफिनला मान्य नव्हतं. १८९१ च्या मोहिमेत ती सरळ जहाजावर चढली! त्या काळात बाईमाणसाने आर्क्टिकमध्ये हिवाळा काढायचा म्हणजे वर्तमानपत्रांना खमंग विषयच. वाटेत जहाजाच्या सुकाणूच्या लोखंडी दांड्याने पिअरीच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. जोसेफिनने त्याची शुश्रूषा केली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पायाने त्याने उत्तर ग्रीनलंड आडवं पार केलं आणि परत आला.

१८९३ मध्ये ती पुन्हा गेली आणि तेव्हा ती गरोदर होती. १२ सप्टेंबर १८९३ ला, सुमारे ७७ अंश उत्तरेला, लाकडी घरात मेरीचा जन्म झाला. महिना-दीड महिन्यात सूर्य बुडाला तो फेब्रुवारीतच उगवला. म्हणजे जन्मल्यावर पहिले कित्येक महिने पोरीने दिव्याच्या उजेडातच काढले! आसपासचे इन्युइट लोक दुरून दुरून स्लेजवरून बघायला यायचे. इतकी पांढरी मुलगी बर्फाची तर नाही ना, म्हणून हात लावून पाहायचे. तिचं नाव पडलं हिमकन्या. तिला पहिला फरचा पोशाख शिवून देणाऱ्या बाईचं नाव आनिघितो. तेच मेरीचं मधलं नाव झालं.

आता त्या धोंड्याकडे येऊ. केप यॉर्कजवळ अवकाशातून पडलेल्या लोखंडाचे मोठे तुकडे होते. खाण नाही, भट्टी नाही अशा त्या मुलखात इन्युइट लोक शतकानुशतकं त्याचे कपचे काढून सुऱ्या आणि भाल्यांची टोकं बनवत आले होते. १८९४ साली त्यांच्यातल्याच एकाने पिअरीला ती जागा दाखवली. छोटे दोन तुकडे पिअरीने १८९५ मध्ये उचलले. सर्वांत मोठा १८९६ मध्ये हलेना, मोसम संपला, हात हलवत परत. १८९७ च्या उन्हाळ्यात 'होप' नावाच्या जहाजातून तो पुन्हा आला तो बायकोमुलीला घेऊनच. किनाऱ्यापासून जहाजापर्यंत लाकडी तुळयांचा पूल, त्यावर रेल्वेचे रूळ आणि जॅकने इंचाइंचाने सरकवत धोंडा डेकवर. ना क्रेन, ना धक्का. शिवाय कधीही हिमनग येऊन आदळेल ही भीती. मेरीने त्या धोंड्यावर वाइनची बाटली फोडली आणि स्वतःचंच नाव त्याला दिलं, आनिघितो. सिव्हिलवाल्यांनो, तो आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे आणि त्याच्या आधाराचे खांब इमारतीखालच्या मूळ खडकापर्यंत नेलेले आहेत. लोड पाथचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

इथपर्यंत वाचताना मी पिअरीवर जाम खूश होतो. पण त्याच जहाजावर आणखी एक मूल होतं. मिनिक, वय सुमारे सात वर्षं. पिअरी त्या परतीच्या प्रवासात सहा इन्युइट माणसं न्यूयॉर्कला घेऊन आला, संग्रहालयातल्या शास्त्रज्ञांना अभ्यासायला. मिनिक आणि त्याचे वडील किसुक त्यांच्यात होते. बंदरात त्यांना बघायला हजारोंची गर्दी लोटली. मग संग्रहालयाच्या तळघरात त्यांची सोय केली. ज्या रोगांशी त्यांच्या शरीराची ओळखच नव्हती ते त्यांना झाले आणि काही महिन्यांत सहापैकी चार जण दगावले. किसुक त्यातलाच. एक जण १८९८ मध्ये मायदेशी परतला. मिनिक एकटा उरला. संग्रहालयाच्याच एका अधिकाऱ्याने त्याला घरी वाढवलं. वडिलांचं दफन झालं असं त्या पोराला दाखवलं गेलं. प्रत्यक्षात कातड्यात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका पुरला होता आणि हाडं संग्रहालयात ठेवली होती. मोठा झाल्यावर त्याला हे कळलं. त्याने वडील परत मागितले, ते मिळाले नाहीत. तो १९०९ मध्ये ग्रीनलंडला परतला तेव्हा स्वतःची भाषासुद्धा विसरला होता. पुन्हा अमेरिकेत आला आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. किसुक आणि इतर तिघांची हाडं १९९३ मध्ये ग्रीनलंडला परत गेली. म्हणजे तब्बल ९६ वर्षांनी!

एकच जहाज, एकच उन्हाळा आणि दोन मुलं. एक सुट्टीवर आलेलं, दुसरं घर सोडून निघालेलं. आणि दोघांच्याही प्रवासाची आखणी करणारा माणूस एकच.

पिअरीच्या स्वतःच्या घरानेही कमी सोसलं नाही. १८९८ ते १९०२ तो सलग उत्तरेत होता. १८९९ च्या जानेवारीत फोर्ट काँगरला पोहोचताना पाय गोठले, त्यात आठ बोटं गेली. त्याच महिन्यात घरी दुसरी मुलगी जन्मली आणि ऑगस्टमध्ये वारलीही. बापाने तिला पाहिलंच नाही. १९०० च्या उन्हाळ्यात जोसेफिन मेरीला घेऊन त्याला भेटायला निघाली. उन्हाळ्यापुरती म्हणून निघालेली ही सफर बर्फात अडकली आणि मायलेकींनी अख्खा हिवाळा जहाजात काढला. पिअरी तिथून सुमारे ४०० किलोमीटरवर होता आणि त्याला पत्ताच नव्हता! त्याच जहाजावर जोसेफिनला एक इन्युइट बाई भेटली, कडेवर तान्हं मूल. ते मूल पिअरीचं होतं. जोसेफिनवर काय गुदरलं असेल याचा आपण फक्त अंदाज करावा. नवऱ्याची भेट झाली ती १९०१ च्या मे महिन्यात. तरी १९०२ च्या उन्हाळ्यात मायलेकी त्याला आणायला परत गेल्याच.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. ६ एप्रिल १९०९ ला हेन्सन आणि चार इन्युइट साथीदारांबरोबर आपण ध्रुवावर पोहोचलो, असा पिअरीने दावा केला. फ्रेडरिक कुकने आपण त्याच्याही आधी पोहोचल्याचं जाहीर केलं आणि एकच रण माजलं. कुकचा दावा टिकला नाही. पण पिअरीचाही डळमळीतच राहिला. शेवटच्या टप्प्यात त्याचे आकडे तपासू शकेल असं दुसरं कुणी बरोबर नव्हतं आणि त्याने सांगितलेला वेग अनेकांच्या गळी उतरला नाही. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला चेक रीडिंग का घ्यायला लावतात, ते इथे समजतं. १९११ मध्ये त्याला रिअर ॲडमिरलचा हुद्दा मिळाला आणि २० फेब्रुवारी १९२० ला तो गेला. हेन्सनला मात्र त्याच्या शेजारी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत जागा मिळायला १९८८ साल उजाडलं.

मेरी मोठी झाली, तिने पुस्तकं लिहिली आणि १९३२ च्या उन्हाळ्यात आपल्या मुलांना घेऊन पुन्हा ग्रीनलंडला गेली. केप यॉर्कवर वडिलांचं उंच दगडी स्मारक उभारलं. म्हणजे बर्फातली सुट्टी पुढच्या पिढीतही चालू राहिली! आणि १९८७ मध्ये ग्रीनलंडहून दोन म्हातारे अमेरिकेत आले. दोघांचंही वय ऐंशीच्या घरात. एक पिअरीचा मुलगा, दुसरा हेन्सनचा. बापांचा देश त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

तर असा हा आपला सिव्हिलवाला. जिद्द अशी, की आठ बोटं गेल्यावरही चालतच राहिला. ३१ टन हलवायचे तर तुळई कुठे घालायची हे त्याला अचूक कळायचं. पण सात वर्षांच्या पोराला त्याच्या घरातून उचलल्यावर त्याचा भार कुणी घ्यायचा, हे त्याच्या गणितात कुठे दिसत नाही. मेकॅनिक्सच्या पेपरात एक जरी फोर्स दाखवायचा राहिला तरी अख्खं गणित चुकतं. पिअरीला थोर म्हणावं की नाही, यावर हॉस्टेलच्या गच्चीवर रात्रभर वाद होऊ शकेल, आणि खुशाल व्हावा. माझं मत विचाराल तर जनरल नॉलेजच्या पुस्तकात त्याच्या नावासमोर हेन्सनचं नाव हवं, त्या चार इन्युइट साथीदारांची हवीत. आणि जमलं तर तळाला, बारीक टायपात का होईना, मिनिकचंही.