मुरुडने वाळीत टाकलं, त्याच अण्णांनी उभारलं बायकांचं विद्यापीठ

महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा, दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीत. घरची परिस्थिती बेताची. सहावीच्या परीक्षेसाठी ते घाट चढून पायी साताऱ्याला गेले. पण वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तरीही शिक्षण सोडलं नाही. १८८४ मध्ये बी.ए. झाले, १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं अण्णांनी ठरवलं. १८९३ मध्ये त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी विवाह केला. लग्नानंतर काही महिन्यांतच, लहानपणीच त्या विधवा झाल्या होत्या. नवं नाव आनंदीबाई, सगळे म्हणत बाया. जोडपं मुरुडला आलं, तर गावाने वाळीत टाकलं. आईलाही पोराला उघडपणे घरात घेता येईना.

अण्णांनी भांडण केलं नाही, काम वाढवलं. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. विम्याची ५ हजारांची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर, झोपडीत गेला. कॉलेज सुटलं की अण्णा पायी तिकडे निघायचे. बाया नागपूरला सुईणीचं काम शिकून आल्या, संस्थेसाठी वर्गणी मागत फिरल्या.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णांनी १९१६ मध्ये तसंच विद्यापीठ इथे सुरू केलं. पहिल्या विद्यार्थिनी अवघ्या पाच! शिकवणं मातृभाषेतून. सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे नोकरीच्या बाजारात पदवीला मोल कमी. तरी मुली येत राहिल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली. त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आजचं एसएनडीटी. कायद्याने दर्जा मिळायला मात्र १९५१ साल उजाडलं.

दरम्यान, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर अण्णांनी शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि वर्गणीसाठी पुन्हा दारोदार हिंडले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ व्या वर्षी, अण्णा गेले. एकेकाळी वाळीत टाकलेल्या अण्णांचं नाव मुरुड आज अभिमानाने सांगतं.