लक्ष्मीबाई टिळक : अंधारातून उजेडाकडे

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लक्ष्मीबाई टिळक उभ्या राहिल्या. त्यांचे सासर मूळचे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली करजगावी झाला. तेव्हा लक्ष्मीबाई या एका परीने आपल्या कोकणच्या सूनबाईच!

नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. सत्तावनच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसत; मीठसुद्धा त्यातून सुटले नाही! अशा घरात वाढलेल्या या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

टिळक प्रतिभावान, दयाळू, पण विलक्षण लहरी. हातात आलेला पैसा वाटून टाकावा, मनात येईल तेव्हा घर सोडून जावे. बायकोने मागे वाट पाहत बसावे. पोटची मुले दगावल्याचे दुःखही लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. पुढे आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना बायबल वाचावयास दिले. त्या वाचनाने त्यांचे मन पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

भगिनींनो, त्या काळी याचा अर्थ काय होता, ते आपण मनात आणून पाहू या. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जावे तर जात जाते, माहेर तुटते. न जावे तर जन्म परक्याच्या दारी काढावा लागतो. कपाळी कुंकू असून विधवेसारखे दिवस! आपल्या तालुक्यातल्या घरोघरच्या बायकांनी मुंबईच्या मनीऑर्डरीची आणि पत्राची वाट पाहत वर्षे काढली आहेत. वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. परंतु आपल्या माणसांना गणपतीस, शिमग्यास घर खुले असे. लक्ष्मीबाईंच्या दोघांमध्ये धर्माची भिंत उभी होती. लहानग्या दत्तूला पोटाशी धरून त्यांनी सुमारे पाच वर्षे आप्तांच्या आधाराने काढली. याच विरहात त्यांच्या तोंडून कविता निघू लागली.

अखेर त्या नगरास नवऱ्याकडे परतल्या, पण धर्म आपला ठेवूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे, देव वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांचे मोठेपण. पुढे राहुरीस असताना लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच हिशेब मांडला. देवाने माणूस घडविला. मग ही शिवाशिव घडविली कोणी? ती माणसाचीच करणी, असे पटताच त्यांनी सोवळे टाकले. मीठ धुणाऱ्या घरातली ती मुलगी कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागली! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे, तेथल्या बायकांना या पाण्याचे मोल ठाऊक असावयासच हवे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत नव्हे, आपल्या पायांनी चालत त्या तेथवर गेल्या.

ही श्रद्धा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवून दिली नाही. दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांना टिळकांच्या घरी आसरा मिळाला. घरात दाणा असो वा नसो, पान वाढले गेले. नगरास प्लेग आला, माणसे आपल्या माणसांस सोडून पळू लागली, तेव्हा ही बाई प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करीत राहिली. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. येशूच्या जीवनावरील ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबले होते. शाळेत न गेलेल्या पत्नीने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, तीही रडगाणे न गाता, स्वतःलाही हसत. मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत तिची गणना होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

मी तुळशीपुढे दिवा लावणारी बाई. लक्ष्मीबाईंचा मार्ग माझा नाही. तरी त्यांच्या चरित्राने मला एक गोष्ट शिकविली. श्रद्धेने त्यांचे दुःख काही टळले नाही. दारिद्र्य, वियोग, मृत्यू, सारे आलेच. परंतु ज्या दुःखाने मनुष्य कडवट होतो, त्याच दुःखाने त्यांचे घर पोरक्यांसाठी उघडले. आपल्या मंडळातही कितीतरी जणी मनात अंधार घेऊन येतात. त्यांच्यासाठी आपण थोडी जागा सरकून दिली, तरी लक्ष्मीबाईंना खरे वंदन केल्यासारखे होईल.