लोकमान्यांची सैन्यभरती

बेळगावात लोकमान्य टिळकांवर व्याख्यान झाले की वक्ता १९१६ वर येतोच. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस मुंबई प्रांतिक परिषद आपल्या गावी भरली, २८ एप्रिलला होमरूल लीगची स्थापना झाली, जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. गंगाधरराव देशपांड्यांनी सारी व्यवस्था अंगावर घेतली होती. १ मे रोजी टिळकांचे स्वराज्यावरचे भाषण झाले. एवढे आपल्याला पाठ असते. त्याच आठवड्यात, २९ एप्रिलला, इराकमधल्या कुत या गावी पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर उपासमारीने टेकीला आलेली इंग्रजांची फौज तुर्कांना शरण गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. इकडे स्वराज्याचा ठराव होत होता आणि तिकडे आपल्याच मुलखातली पोरे कैदी होऊन वाळवंटातून चालवत नेली जात होती. त्यांतली कितीतरी परत आलीच नाहीत. ही दोन चित्रे शेजारी ठेवून टिळकांकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. कारण मग एक अवघड गोष्ट बोलावी लागते. या युद्धाला टिळकांचा पाठिंबा होता.

ते कसे झाले ते क्रमाने सांगतो. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्म, पुण्यात शिक्षण, मग न्यू इंग्लिश स्कूल, केसरी आणि मराठा, १८९७ ची राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा, हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. जून १९१४ मध्ये एका मध्यरात्री सरकारने त्यांना गाजावाजा न करता पुण्यात घरी आणून सोडले. तुरुंगात असतानाच पत्नी सत्यभामाबाई वारल्या होत्या, मधुमेहाने शरीर पोखरले होते, काँग्रेसची दारे सुरतेच्या फुटीपासून बंदच होती. दोन महिने होत नाहीत तोच युरोपात युद्ध पेटले. ऑगस्टच्या अखेरीस टिळकांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. राज्य उलथून टाकण्याचा आपला हेतू नाही आणि या संकटात प्रत्येक हिंदी माणसाने सरकारला मदत करावी, असा त्याचा आशय होता.

केसरीने वर्षानुवर्षे मवाळांच्या राजनिष्ठेची टर उडवली होती. आता तीच भाषा लोकमान्यांच्या लेखणीतून आली. मवाळांनी ती केली की लाचारी आणि टिळकांनी केली की मुत्सद्देगिरी, असा निवाडा त्यांच्या चाहत्यांनी तेव्हा दिला आणि आपणही आजवर तो तसाच चालवत आलो आहोत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही याच युद्धासाठी मराठ्यांच्या भरतीला मदत केली. त्यांचे नाव निघाले की आपल्यातले काही जण लगेच इंग्रजांची मर्जी हा शब्द काढतात. लोकमान्यांच्या बाबतीत तो त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

सरकारचे मापही सरळ नव्हते. टिळकांच्या निवेदनावर त्याचा विश्वास बसला नाही. १९१६ च्या २३ जुलैला, साठाव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांना एक लाखाची थैली अर्पण झाली, तीही त्यांनी देशकार्याला देऊन टाकली. त्याच दिवशी हाती नोटीस पडली. बेळगावचे एक आणि अहमदनगरची दोन भाषणे राजद्रोही ठरवून एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. पुढे फेब्रुवारी १९१७ मध्ये टिळक पुण्यात संरक्षण दलात नावे नोंदवा म्हणून तरुणांना सांगत होते, आणि त्याच महिन्यात त्यांना पंजाब आणि दिल्लीत पाऊल ठेवायला बंदी झाली. इंग्रज सरकारला सैनिक हवे होते, पण ते मागणारा टिळक नको होता.

टिळकांचे गणित काय होते? एक, शस्त्रबंदीच्या कायद्याने देश निःशस्त्र झाला होता, तेव्हा लष्करी शिक्षणाची आलेली संधी दवडू नये. दोन, मदत द्यायची तर तिची किंमत बोलून घ्यायची. हिंदी माणसाला फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळाली पाहिजे आणि राज्यकारभारात स्वराज्याचे वचन मिळाले पाहिजे. ज्या घराच्या रक्षणासाठी मरायचे ते घर आपले असले पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

याच वेळी दुसरा एक माणूस भरतीसाठी फिरत होता आणि तो कसलीच अट घालत नव्हता. एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीला व्हाइसरॉयने युद्धपरिषद बोलावली. टिळक आणि ॲनी बेझंट यांना तिचे आमंत्रण नव्हते. गांधीजींनी त्याबद्दल नाराजी कळवली, पण शेवटी ते गेले आणि भरतीच्या ठरावाला त्यांनी हिंदीत थोडक्यात पाठिंबा दिला. नंतर ते खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडले. त्याच गावांनी काही महिन्यांपूर्वी साराबंदीच्या सत्याग्रहात त्यांना गाड्या दिल्या होत्या, स्वयंसेवक दिले होते. आता गाडी मिळेना, सभेला माणूस येईना. अहिंसा शिकवणारा आम्हाला बंदूक घ्यायला का सांगतो, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. अखेर गांधीजी आमांशाने अंथरुणाला खिळले.

१० जून १९१८ ला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी प्रांताची युद्धपरिषद घेतली. टिळक तिला हजर होते. राजनिष्ठा व्यक्त करून ते स्वराज्याच्या मुद्द्यावर येताच गव्हर्नरांनी राजकीय चर्चा चालणार नाही म्हणून त्यांना थांबवले. टिळक सभागृह सोडून निघून गेले. केळकरांच्या बाबतीतही तेच घडले. १६ जूनला मुंबईत या अपमानाच्या निषेधाची सभा झाली, आणि तिचे अध्यक्ष होते गांधीजी! भरतीबाबत दोघांचे पटत नव्हते. तरीही टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला. हिंदी लोकांना अधिकारपदे देण्याचे सरकारचे वचन तुम्ही मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिली तर ही रक्कम गेली, असा तो सौदा होता. मदत अटीवर करायची नाही म्हणून गांधीजींनी चेक परत केला.

मला या दोघांत टिळकांची भूमिका अधिक पटते. परक्याच्या लढाईत माणसे पाठवायची तर त्यांच्या वतीने काहीतरी मागून घेणे हे पुढाऱ्याचे कर्तव्यच आहे. पण हे लिहितानाही मनात येते की मी बेळगावचा, टिळकांच्या तसबिरीखाली वाढलेला. खेड्यातल्या एखाद्या पाटीदाराला हे गणित असेच दिसेल का? आणि अटीने गेलेला शिपाई काय, बिनअटीने गेलेला काय, मेसोपोटेमियातल्या उन्हात दोघांचे सारखेच हाल. त्या युद्धात हिंदुस्थानचे साठ हजारांहून जास्त शिपाई कामी आले.

ऑगस्ट १९१८ मध्ये टिळकांना परवानगीशिवाय जाहीर बोलण्यास बंदी झाली. पुढल्या महिन्यात ते विलायतेला गेले. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्यांच्यावर हिंसेला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवला होता, त्याबद्दलचा खटला तिथे चालणार होता. चिरोलचे वकील होते सर एडवर्ड कार्सन. हे कार्सन म्हणजे युद्धाच्या आधी अल्स्टरमध्ये सरकारविरुद्ध हजारो स्वयंसेवक उभे करणारे, ज्यांच्या चळवळीसाठी बंदुका चोरून आणल्या गेल्या ते गृहस्थ. युद्ध सुरू होताच त्यांनी आपले स्वयंसेवक लढाईला दिले आणि ते स्वतः मंत्रिमंडळात जाऊन बसले. त्यांची जुनी बंडखोरी युद्धाच्या पाठिंब्याने धुतली गेली. टिळकांची नाही. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक खटला हरले आणि खर्चाच्या ओझ्याखाली दबले.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट पुन्हा घडली. १९३९ मध्ये काँग्रेसने स्वातंत्र्याचे वचन मागितले, म्हणजे १९१८ ची टिळकांचीच अट. सावरकरांनी हिंदू तरुणांना फौजेत जायला सांगितले. बाबासाहेब आंबेडकरांनी युद्धाला पाठिंबा दिला, १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ मध्ये आपल्या बेळगावातच उभी राहिली. कम्युनिस्टांनी आधी हे साम्राज्यवाद्यांचे युद्ध म्हटले आणि रशियावर हल्ला होताच लोकयुद्ध म्हटले. आज आपल्या वाचनालयात या विषयावर वाद निघाला की प्रत्येक जण दुसऱ्याच्या माणसाला इंग्रजांचा हस्तक ठरवतो आणि आपल्या माणसाची दूरदृष्टी समजावून सांगतो. सावरकरांची भरती बोचते त्याला खेड्यातली भरती आठवत नाही. ज्याला खेडा आठवते तो पुण्यातली सभा विसरतो. मीही विसरत होतो.

युद्ध संपल्यावर मोबदला म्हणून रौलेट कायदा आला, मग जालियनवाला बाग. टिळक नोव्हेंबर १९१९ मध्ये परतले. १ ऑगस्ट १९२० रोजी रात्री साडेबाराच्या सुमारास मुंबईच्या सरदारगृहात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या तिरडीला गांधीजींनी खांदा दिला. असहकाराची सुरुवात त्याच दिवशी व्हायची होती, आणि बोअर युद्धातील व झुलू बंडातील सेवेची पदके कैसर-ए-हिंदच्या पदकासह गांधीजींनी त्याच सुमारास व्हाइसरॉयकडे परत पाठवली. गंगाधरराव पुढे गांधीजींबरोबर गेले, आणि १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखालची काँग्रेस त्यांनी बेळगावात भरवली.