तार होती, टपाल होतं, तरी जमशेटजी टाटा माणसाला भेटायला सातासमुद्रापार जायचे

आज धंद्यात एखादं काम अडलं की आपण काय करतो? एक ईमेल टाकतो. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी आठवण करून देणारा दुसरा टाकतो. समोरचा माणूस दिसतो कसा, हेही माहीत नसताना लाखोंचे व्यवहार सुरू असतात.

जमशेटजी टाटांच्या काळात ईमेल नव्हता. पण लिहून काम भागवायची सोय तेव्हाही होती. टपाल घेऊन आगबोटी नेमाने ये-जा करायच्या आणि १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली होती. तरीही त्यांच्या आयुष्यातले मोठे निर्णय पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. जिथे समोरच्याचा विश्वास हवा होता, तिथे ते स्वतः गेले.

पहिला धडा : तोंड न लपवणं

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांच्या, म्हणजे नसरवानजींच्या धंद्यात आले. काही वर्षं त्यांनी हाँगकाँगमधला व्यापार पाहिला.

१८६४ साली ते लंडनला निघाले. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असल्याने तिथला कापूस येणं बंद झालं होतं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. जमशेटजींच्या हाती याच कापूस व्यवहारांचे कागद होते, ज्यांवर लंडनमध्ये पैसा उभा राहायचा होता.

पण १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईत एकामागून एक पेढ्या बुडाल्या. जमशेटजींच्या हातातल्या कागदांना रद्दीची किंमत आली. परक्या शहरात पंचविशीतला तरुण आणि दाराशी देणेकरी, असा प्रसंग होता.

ते पळाले नाहीत. बँकवाल्यांना आणि देणेकऱ्यांना भेटून त्यांनी खरी परिस्थिती समोर मांडली. त्याचा परिणाम असा झाला की त्या लोकांनी पेढीचा व्यवहार मिटवायचं काम जमशेटजींवरच सोपवलं, तेही महिना २० पौंड पगारावर! इकडे नसरवानजींनी राहतं घर विकून देणी फेडायला सुरुवात केली.

जपानची बोलणी

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि टाटांचा जम बसला. मुंबई इलाख्यातलं सूत तेव्हा चीन-जपानकडे जायचं. अडचण होती जहाजांची. पी. अँड ओ. ही बलाढ्य ब्रिटिश कंपनी आणि तिच्या जोडीच्या दोन युरोपीय कंपन्यांनी मिळून भाडं चढं ठेवलं होतं, आणि नफा त्यातच जात होता.

१८९३ साली जमशेटजी थेट जपानला गेले. तिथे ते एइची शिबुसावा या मोठ्या उद्योजकाला भेटले आणि निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी बोलणी केली. जपानी कंपनीची अट स्पष्ट होती. टाटांनीही आपली जहाजं चालवावीत आणि धोका दोघांनी सारखा उचलावा. जमशेटजींनी ती मान्य केली. त्याच नोव्हेंबरमध्ये मुंबई-जपान मार्ग सुरू झाला. टाटांनी भाड्याने घेतलेली दोन जहाजंही त्यावर उतरली.

पण भेटीने सगळंच साधतं, असं मात्र नाही. पी. अँड ओ.ने भाडं इतकं खाली आणलं की कोणालाच परवडू नये. टाटांना माल देऊ म्हणणारे मुंबईचे व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले. मोठा तोटा सोसून टाटांना आपली जहाजं बंद करावी लागली. जपानी कंपनीची जहाजं मात्र मुंबईला येत राहिली.

याच प्रवासात, जुलै १८९३ मध्ये, योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या जहाजावर त्यांची स्वामी विवेकानंदांशी गाठ पडली. पाच वर्षांनी, विज्ञान संशोधनाच्या संस्थेचा विचार पक्का झाल्यावर, जमशेटजींनी त्याच बोलण्याची आठवण देऊन स्वामीजींना पत्र लिहिलं. म्हणजे आधी भेट झाली, पत्र नंतर आलं. ही संस्था १९०९ साली बंगळुरात स्थापन झाली.

न्यूयॉर्कच्या कचेरीत

१९०२ साली जमशेटजी ६३ वर्षांचे होते आणि तब्येत साथ देत नव्हती. पण भारतात पोलादाचा कारखाना काढायचा ध्यास सुटला नव्हता. ते अमेरिकेला गेले. पिट्सबर्गमध्ये ते पोलादातले नामांकित इंजिनिअर ज्युलियन केनेडी यांना भेटले. केनेडींनी आधी खनिजाची शास्त्रीय पाहणी करायचा सल्ला दिला आणि त्यासाठी चार्ल्स पेज पेरिन यांचं नाव सुचवलं.

जमशेटजी न्यूयॉर्कला पेरिन यांच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. पेरिन यांनी हा माणूस कधी पाहिला नव्हता. जिथे पोलादाचा एकही मोठा कारखाना नाही अशा देशात, जंगलं तुडवायला यायचं निमंत्रण घेऊन तो आला होता. पेरिन यांनी तिथेच होकार दिला.

पुढे पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड भारतात आले. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी यांच्याबरोबर त्यांनी आपला चांदा जिल्हा, म्हणजे आजचं चंद्रपूर, पालथा घातला. तिथे लोखंड होतं, पण कारखान्याला पुरेल इतकं नव्हतं.

आणि इथे एका पत्राने काम केलं. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना मयूरभंज संस्थानातल्या लोखंडाची माहिती कळवली. माहिती पोहोचवायला पत्र पुरलं. ते लोखंड पारखायला मात्र पेरिन आणि वेल्ड यांना तिथल्या डोंगरावर जावंच लागलं.

जमशेटजींना हे पाहता आलं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं.

खरी कसोटी यानंतर होती. ज्याने शब्द घेतला तो माणूसच उरला नव्हता. तरी दोराबजींनी काम पुढे नेलं आणि पेरिन सोबत राहिले. १९०७ साली कंपनी उभी राहिली. साकचीच्या कारखान्याचे सल्लागार इंजिनिअर होते पेरिन, आणि बांधणीचं काम होतं केनेडी यांच्या कंपनीकडे. १९१२ साली तिथे पोलाद तयार झालं. आज त्या गावाला आपण जमशेदपूर म्हणतो.

यातून काय घ्यायचं?

ईमेल वाईट नाही. ठरलेली किंमत, तारीख, अटी लिहूनच ठेवाव्यात. जमशेटजीही पत्रं लिहीत होतेच. पण देणं थकलं असेल, नवा भागीदार जोडायचा असेल किंवा कोणाकडून मोठं धाडस मागायचं असेल, तर उठून भेटायला जावं. ईमेलला नाही म्हणायला एक ओळ पुरते. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं.