जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस पडद्याआड राहायचा; उदगीरवरही त्याचंच राज्य होतं

परदेशी पाहुणा भारतात आला की दिल्लीच्या हैदराबाद हाऊसमध्ये पंतप्रधानांसोबत हस्तांदोलनाचा फोटो निघतो. तो फोटो तुमच्या टाइमलाइनवर कितीदा तरी येऊन गेला असेल. ते घर ज्यानं बांधून घेतलं, त्याचंच राज्य १९४८ पर्यंत आपल्या उदगीरवर होतं.

मीर उस्मान अली खान, हैदराबादचा सातवा आणि शेवटचा निजाम. जन्म १८८६ चा, गादीवर बसला १९११ मध्ये. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं आणि बीदर निजामाच्या राज्यात. फेब्रुवारी १९३७ मध्ये 'टाइम' मासिकानं जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून त्याला मुखपृष्ठावर छापलं.

मग एवढा श्रीमंत माणूस राहायचा कुठं?

वडील चौमहल्ला राजवाड्यात राहायचे. हा मात्र लहानपणी किंग कोठीत राहायला गेला, तो निजाम झाल्यावरही तिथंच राहिला. ही कोठी मुळात कमाल खान नावाच्या माणसाची. दारं-खिडक्यांवर त्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं कोरलेली होती, 'के के'. ती खोडण्यापेक्षा नावच 'किंग कोठी' करून टाकलं, असं सांगतात.

आवाराला उंच भिंती, बाहेर पहारा. मुख्य दरवाजावर कायम पडदा सोडलेला असायचा, म्हणून त्याला पर्दा गेट म्हणायचे. निजाम बाहेर गेला की पडदा वर. पडदा खाली असेल तर समजायचं, हुजूर घरात आहेत. आजच्या गेटेड सोसायट्या याच्यापुढे काहीच नाहीत.

दिल्लीत तर श्रीमंतांची अख्खी वस्तीच होती. इंग्रजांनी नवी राजधानी वसवली तेव्हा आजच्या इंडिया गेटभोवती मोजक्याच संस्थानिकांना जागा मिळाल्या. हैदराबाद, बडोदा, पतियाळा, जयपूर, बिकानेर. निजामाचं घर एडविन लुटियन्सनं आखलं, ते १९२८ मध्ये पूर्ण झालं. बडोद्याच्या गायकवाडांचं घरही त्याचंच काम.

निजामाच्या कंजूषपणाचे किस्से तुम्ही ऐकले असतीलच. जुनाट टोपी, साधे कपडे आणि पेपरवेट म्हणून चक्क १८४ कॅरेटचा जेकब हिरा. किस्से भारी आहेत, पण त्यांच्या नादात मुख्य प्रश्न बाजूला पडतो. हा पैसा यायचा कुठून?

राज्याचा साधारण दहावा हिस्सा जमीन 'सर्फ-ए-खास' होती, म्हणजे निजामाची खासगी. तिचा महसूल सरकारी तिजोरीत नाही, थेट त्याच्याकडे जायचा. शिवाय बरीच जमीन जहागीरदारांकडे. शेतात राबणारी रयत तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी, आणि १९१८ मध्ये निजामानं काढलेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. विद्यापीठ काढलं, धरणं बांधली, हे त्याचं श्रेय आहेच. पण भाषण-सभांवरची बंधनंही त्याच्याच काळातली.

१९४७ नंतर त्याला भारतात यायचं नव्हतं. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला. रझाकारांनी जे केलं त्याच्या आठवणी उदगीर-लातूरकडची म्हातारी माणसं सांगत आली आहेत. पडद्याआडच्या माणसानं त्यांना वेळीच आवरलं नाही, ही जबाबदारी त्याचीच.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. किंग कोठी मात्र सुटली नाही. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झाली, बदल्यात वर्षाला २५ लाख भरपाई, वर ५० लाखांचा तनखा. १९५० ते १९५६ तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुखही होता. १९५६ ला राज्याची वाटणी झाली आणि उदगीर मराठी मुलखात आलं.

आणि हो, त्यानं युद्धासाठी देशाला ५ हजार किलो सोनं दान दिलं, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. प्रत्यक्षात १९६५ मध्ये त्यानं ४२५ किलो सोनं सरकारच्या सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं, साडेसहा टक्के व्याजानं.

२४ फेब्रुवारी १९६७ ला तो किंग कोठीतच वारला. दफन समोरच्याच मशिदीत झालं. १९९५ मध्ये भारत सरकारनं निजामाचे दागिने २१८ कोटींना विकत घेतले, जेकब हिऱ्यासकट. किंग कोठीच्या एका भागात आता सरकारी दवाखाना आहे.