फाळक्यांच्या घरातील चित्रपट

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक ही दादासाहेब फाळके यांची ओळख आता शाळेच्या पुस्तकांतूनही होते. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके नाशिककरांना आपले वाटतात, हेही स्वाभाविकच. मात्र हा चित्रपट प्रथम जन्मला तो एका संसारी घरात, आणि त्याची किंमतही आधी त्या घरानेच मोजली. जनकत्वाच्या गौरवात ही बाजू बहुधा झाकोळते.

वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र रंग-रेषांकडे. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण अशी एकेक विद्या आत्मसात केली. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण प्लेगने पहिली पत्नी आणि अपत्य हिरावून नेले आणि तो डाव मोडला. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून त्यांनी जादूचे प्रयोगही केले, त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी विवाह झाला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी आणि अखेर भागीदारांशी मतभेद. एका जागी न टिकणारा माणूस, असे आप्तांना वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

एप्रिल १९११ मध्ये गिरगावातील एका तंबूवजा थिएटरात मुलगा भालचंद्र याच्यासह त्यांनी हलती चित्रे पाहिली. लगोलग सरस्वतीबाईंनाही त्यांनी तेथे नेले. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चालले होते आणि दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्यानंतरचे महिने चित्रपट पाहण्यात आणि रात्र-रात्र प्रयोग करण्यात गेले. डोळ्यांवर इतका ताण पडला की, काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. मग बारा हजारांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी दहा हजारांचे कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथून विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था करून ते एप्रिलमध्ये परतले.

भांडवलदारांना पटवायचे कसे? त्यासाठी त्यांनी वाटाण्याचे बी कुंडीत पेरले आणि रोपाच्या वाढीची चित्रे महिनाभर संथपणे घेतली. बी रुजून वेल होण्याचा सारा प्रवास पडद्यावर क्षणार्धात दिसला आणि पैसा उभा राहिला. तोही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले.

दागिन्यांचा उल्लेख बहुतेक चरित्रांत असतो. त्याहून मोठे ते बाईंचे श्रम. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नव्हती. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ती पाडायची, रसायने मिसळायची, फिल्म धुवायची, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांवर प्रकाश परतवायचा आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा! दादरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' साकारला तो असा. या बाईंना भारतातील पहिली चित्रपट तंत्रज्ञ म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

रोहिताश्वाची भूमिका भालचंद्रानेच केली. या पोराविषयी एक आठवण सांगितली जाते. बाह्यचित्रणाच्या वेळी तो खडकावर पडला, डोक्याला खोक पडली. काम थांबवावे, असे मंडळींनी सुचविले. तथापि पुढचा प्रसंग निपचित पडलेल्या रोहिताश्वाचा होता आणि दादासाहेबांनी चित्रण पुरे केले. पुत्रप्रेम आणि ध्यास यांत त्या क्षणी कोण जिंकले, हे उघड आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो उचलून धरला.

त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात हलविला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' येथलेच. पहिल्या महायुद्धाने पैशाचे झरे आटले. १९१७ च्या 'लंकादहन'ने ते पुन्हा वाहू लागले. १९१८ च्या आरंभी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पण पैसा घालणाऱ्यांच्या हिशेबात दादासाहेबांचा स्वभाव बसणारा नव्हता. खटके उडाले, ते कुटुंबासह काशीला निघून गेले. तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुढे ते परतले खरे. तोवर काळ बदलत चालला होता. बोलपटाच्या लाटेत त्यांची मूकचित्रकला मागे पडली. कोल्हापूरसाठी केलेला 'गंगावतरण' १९३७ मध्ये आला. त्यानंतर त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. अखेरची वर्षे नाशकात ओढगस्तीतच गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब गेले.

त्यांच्या नावाने १९६९ पासून सरकार चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या बहुसंख्य चित्रपटांच्या फिती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. १९१९ च्या 'कालियामर्दन'चा बराच भाग मात्र वाचला. कृष्णाची भूमिका दादासाहेबांच्या चिमुकल्या लेकीची, मंदाकिनीची. कथेआधी तिचा चेहराच पडद्यावर येतो. ती हसते, रुसते, चिडते. आणि मग हळूहळू त्याच मुलीचा कृष्ण होतो.