जखम स्वच्छ ठेवायला शिकवणारे डॉ. जोसेफ लिस्टर आणि तुमच्या घरचे जखमी मांजर

तळेघरसारख्या मुसळधार पावसाच्या भागात बाहेर फिरणारे मांजर भांडणात चावा घेऊन घरी आले, की त्याची जखम लवकर वाळत नाही. मग घरात हाताशी असेल ते लावले जाते. बहुतेक वेळा ते फिनाईल किंवा डेटॉलसारखे जंतुनाशक असते. माणसाला चालते, मग मांजराला का नाही, असे तुम्हाला वाटेल. जंतुनाशकाने जखमेची काळजी घेण्याची पद्धत ज्यांनी रुजवली, त्या डॉ. जोसेफ लिस्टर यांचे जीवन पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर समजायला सोपे जाते.

सूक्ष्मदर्शकाच्या घरातला मुलगा

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडिलांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात मोठी सुधारणा केली होती, त्यामुळे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना घरातूनच लागली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते एडिंबरोला शल्यचिकित्सक जेम्स साइम यांच्याकडे गेले. १८५६ मध्ये साइम यांच्या कन्या ॲग्नेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रयोगांच्या नोंदी ठेवण्यात ॲग्नेस यांनी त्यांना आयुष्यभर साथ दिली. १८६० मध्ये लिस्टर ग्लासगोला प्राध्यापक झाले.

त्या काळी शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी रुग्ण नंतर जखम सडून दगावत. जखमेत पू होणे हे बरे होण्याचेच लक्षण मानले जाई. न धुतलेले हात आणि रक्ताने माखलेला कोट यांचे कोणाला वावडे नव्हते. लिस्टर यांच्याच वॉर्डात १८६४ ते १८६६ या काळात अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले.

कार्बोलिकचा शोध आणि त्याची मर्यादा

सूक्ष्म जीवांमुळे पदार्थ कुजतात, हे लुई पाश्चर यांचे संशोधन १८६५ मध्ये लिस्टर यांच्या वाचनात आले. जखमही अशीच सडत असावी, हे त्यांनी ओळखले. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक ॲसिड वापरतात, हे त्यांना माहीत होते. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीचे चाक पायावरून गेलेल्या एका मुलाच्या उघड्या अस्थिभंगावर त्यांनी कार्बोलिकची पट्टी बांधली. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले आणि पाय वाचला. १८६७ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १८६७ ते १८७० मध्ये अशाच ४० रुग्णांपैकी ६ दगावले.

याच औषधाने कातडी भाजते, हेही त्यांनी पाहिले. त्यांनी ते पाण्यात आणि तेलात मिसळून सौम्य केले. पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारण्याची पद्धत त्यांनी सुरू केली, पण तिची गरज नाही असे दिसल्यावर १८९० मध्ये ती सोडल्याचे जाहीरपणे सांगितले. जंतू मरावेत, पण जिवंत पेशी जगाव्यात, हा तोल ते शेवटपर्यंत शोधत राहिले.

१८७१ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरिया यांच्या काखेतले गळू कापले आणि पू वाहून जावा म्हणून आत रबरी नळीचा तुकडा ठेवला. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

मांजरासाठी यातून काय घ्याल?

कार्बोलिक म्हणजे फिनॉल. माणसाचे यकृत असे पदार्थ बऱ्याच प्रमाणात निकामी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही क्षमता फार कमी असते. त्यात मांजर जखम चाटते, म्हणजे लावलेले औषध पोटातही जाते. म्हणून फिनाईल, डेटॉल, कार्बोलिक साबण किंवा रॉकेल जखमेवर लावू नका. दुखते म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

• अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि त्याने जखम हलक्या हाताने धुवा.
• मांजराला कोरड्या जागी, घरातच ठेवा. माश्या बसू देऊ नका, अळ्या पडतात.
• चाव्याचे छिद्र वरून पटकन बुजते आणि आत पू साचतो. सूज दिसली तर घरी दाबू नका, पशुवैद्याकडून निचरा करून घ्या.
• आठवडाभरात जखम भरू लागली नाही, वास आला, मांजराने खाणे सोडले किंवा अळ्या दिसल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आत काटा राहणे, बुरशी किंवा प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू, अशी कारणे असू शकतात.

तुमची स्वतःची काळजी

जखमी मांजर प्रेमाने धरले तरी चावते. हातमोजे घाला किंवा त्याला जाड टॉवेलात गुंडाळा. चावले किंवा ओरखडले, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मांजरामुळेही रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते. रेबीजची लस किती मात्रांची, धनुर्वाताचे इंजेक्शन हवे का, हे डॉक्टर ठरवतील. रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, त्यामुळे हात सुजला, लाल झाला किंवा ताप आला तर थांबू नका. घरात मधुमेह असलेले कोणी असेल, तर मांजराची जखम धुण्याचे काम त्यांना देऊ नका.